नऊच्या जागी सात

चिमट्याने कडी उघडायची, शेजारच्या चार कड्यांतून ओवायची, टोकाला टोक भिडवून बंद करायची. हात बसलेला असेल तर एका कडीला दीड मिनिट लागतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. चिमटाताई हे काम दिवसाला सहा तास करायची. उरलेले दोन तास डोळ्यांना विश्रांती म्हणून धूळ झाडायची, खोकी भरायची. तिला चिमटाताई म्हणायचो ते हातातल्या चिमट्यामुळे. बोलताना चिमटे काढायची ते वेगळं.

मी त्याच संग्रहालयात स्टँड बनवायचो. तलवारीला टेकू, ढालीला पाठ, शिरस्त्राणाला डोकं. लोखंडी सळी वाकवायची, तिच्यावर नमद्याचं मऊ लोकरी अस्तर चढवायचं आणि स्वतःचं काम कुणाला दिसू द्यायचं नाही. चौतीस वर्षं केलं. ताई धातू विभागात, माझ्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. ती मला मिस्त्री म्हणायची.

ती आली होती घड्याळाचे पट्टे बनवणाऱ्या कारखान्यातून. कारखान्याला कुलूप लागलं आणि ती आमच्याकडे फरशी पुसायला लागली. एकदा दालनात लोकांना अडवायला लावलेली साखळी तुटली. स्टोअरमधून नवी यायला पंधरा दिवस लागणार होते. हिने केसातली पिन काढली, वाकवली, साखळी जोडली आणि पुन्हा फरशी पुसायला लागली. धातू विभागाचे तेव्हाचे साहेब ते बघत उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ती वर.

साहेबांना वर असा हात हवाच होता, कारण तळघरात पाइप फुटला होता आणि इराणी संच भिजला होता. संच म्हणजे मिरवणुकीत घालायचं चिलखत. छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पोलादी पत्रे, हातावर चढवायचा एक लांब पत्रा, ढाल आणि शिरस्त्राण. सगळ्यावर सोन्याची तार ठोकून काढलेली वेलबुट्टी. शिरस्त्राणाच्या कडेपासून खांद्यापर्यंत बारीक कड्यांची झालर लोंबते. पोलादी कड्यांमध्ये पितळी कड्या घालून पत्त्यांतल्या चौकटीसारखी नक्षी केलेली, प्रत्येक चौकट मधोमध नऊ कड्या रुंद. लढाईत या झालरीचा काही उपयोग नव्हता. कड्यांची टोकं नुसती भिडवलेली, एक घाव बसला की मण्यांसारख्या सांडतील. ती राजापुढे घालून चालायची वस्तू होती.

पाण्याने मानेवरचा तळहाताएवढा भाग खाऊन टाकला होता. साहेब म्हणाले, तो भाग नवा विणायचा. आणि असा विणायचा की आपल्यालाही कळता कामा नये. त्या काळी तीच हुशारी समजली जायची. आज नव्या कडीवर भिंगाखाली दिसेल असा ठिपका मारतात, फाइलमध्ये नकाशा काढतात. तेव्हा नव्हतं.

ताईने पाचशे अठ्ठेचाळीस कड्या केल्या. तार सळईवर गुंडाळून, कापून, एकेक सपाट करून. नव्या कडीला कड असते, जुनी गुळगुळीत. म्हणून साहेबांनी मला बोलावलं. मी एका डब्यात वाळू आणि कड्या भरल्या आणि डबा ड्रिलला बांधून चार दिवस फिरवला. मग चहाच्या पाण्यात मुरवल्या. तेव्हा या प्रकरणात माझाही हात आहे.

तुकडा तिने दोन अर्ध्यांत विणला, डावं आणि उजवं, मधल्या चौकटीत जोडायचं. डावं अर्धं विणताना तिचा मुलगा तापाने आठवडाभर अंथरुणावर होता, ती मध्येच चार दिवस रजेवर गेली आणि परत आल्यावर मोजणी एका कडीने चुकली. उजवं अर्धं तिने डाव्यावरून बेतलं. जोडल्यावर बघते तर मधल्या चौकटीत नऊच्या जागी सात. एका बाजूला चुकलं असतं तर कुणीही चूकच म्हटलं असतं. दोन्हीकडे सारखं चुकलं, म्हणून ते नक्षीसारखं दिसायला लागलं.

ती साहेबांकडे गेली. म्हणाली, "उसवते. अकरा दिवस द्या."

"परवा उद्‌घाटन आहे."

"चूक आहे साहेब ती."

"अगं, मानेवर आहे. मागे कोण बघतंय?"

फाइलमध्ये साहेबांनी एक ओळ लिहिली: आवश्यक ती दुरुस्ती केली. पुढे साहेब निवृत्त झाले, वारले. ती ओळ राहिली.

सव्वीस वर्षं ताई दर तीन महिन्यांनी त्या कपाटाची धूळ झाडायची आणि दर वेळी खाली येऊन मला सांगायची, "आज पण सातच आहेत." मी म्हणायचो, "वाढतील हळूहळू." ती माझ्या बाकावरचा ब्रश उचलून मला मारायला यायची.

तिला निवृत्त व्हायला साडेतीन महिने उरले आणि पाहुणे आले. पाहुणे म्हणजे मोठे अभ्यासक, चिलखतांवर पुस्तक लिहीत होते. माणूस सज्जन. दोन आठवडे कपाटासमोर स्टुलावर बसून भिंगातून बघायचे, जेवणाचंही भान नसायचं. मेहनत मला दिसत होती, तिला नाव ठेवणार नाही. एक दिवस ते उठले ते थेट मॅडमच्या खोलीत. मॅडम म्हणजे धातू विभागाच्या नव्या प्रमुख. मानेवरच्या चौकटीत सात कड्या आहेत, बाकी सगळीकडे नऊ. दोन्ही बाजूंनी अगदी समान. म्हणजे हे मुद्दाम केलेलं. ही कारागिराची खूण, लपवलेली सही! अशी खूण आजवर कुणाला सापडलेली नाही.

आठवड्याभरात सातची बातमी शिपायापर्यंत पोचली. कपाटाच्या मागे जायला वाट केली, कारण लोकांना मान बघायची होती. मलाच सांगितलं, स्टँड फिरता करा. मी केला. गाइड तर लगेच तयार झाला. सात म्हणजे सात आसमान, कारागिराने राजाच्या मानेवर सात आसमानांचा भार ठेवला. हे पाहुण्यांनी म्हटलेलं नव्हतं, गाइडने घरून आणलं होतं. ताई बाजूच्या कपाटाची काच पुसत होती. तिने फडकं बादलीत आपटलं आणि खाली माझ्याकडे आली.

"मिस्त्री, माझ्या रजेची सही झाली."

"कसली रजा?"

"चार दिवस गेले होते ना. त्याची सात आसमानं झाली."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "छापायच्या आत सांगायला पाहिजे."

ती सांगायला गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. मॅडम, पाहुणे, आम्ही दोघं. ताईने सरळ सांगितलं. हा भाग मी विणलाय, सव्वीस वर्षांपूर्वी. सात ही माझी चूक आहे.

पाहुण्यांनी हात जोडले. "ताई, ही तुमची नम्रता आहे."

"नम्रता कसली साहेब, मोजणी चुकलीये."

"तुम्ही दुरुस्ती केली असेल, नाही म्हणत नाही मी. पण काठाची असेल. हा भाग जुना आहे. कड्यांची झीज बघा."

"झीज याने केलीये," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ड्रिलवर."

मी मान डोलावली. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मॅडमला विचारलं, "हे स्टँडवाले ना?"

मॅडमनी फाइल काढली. आवश्यक ती दुरुस्ती केली. किती, कुठे, कुणी, काही नाही. मॅडम वाईट नव्हत्या. नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनीच आल्यावर नियम केला होता की संग्रहातल्या वस्तूला काहीही लावायचं किंवा तिच्यावरून काही काढायचं तर आधी फोटो, मग नोंद, मग काम. त्या म्हणाल्या, "ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास फाइलला लावता येत नाही."

मी चौतीस वर्षांत पुष्कळ माणसं पाहिली जी दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगतात. त्यांच्याकडे कुणी पुरावा मागितलेला मला आठवत नाही. ही बाई स्वतःच्या चुकीवर हक्क सांगत होती आणि तिला म्हणत होते, सिद्ध करा.

तिने तेही केलं. जेवणाच्या सुटीत, रोज चाळीस मिनिटं, भिंगाखाली. झालर लोंबते तेव्हा कडी वर आणि खाली अशा दोनच जागी घासते. शंभर-दोनशे वर्षं लोंबली की त्या दोन जागी तार बारीक होते. डब्यात वाळूबरोबर फिरवलेली कडी सगळीकडून सारखी झिजते. ताईने माझा मायक्रोमीटर नेला आणि मानेवरच्या पाचशे अठ्ठेचाळीस कड्या मापल्या, आणि पडताळा म्हणून शेजारच्या जुन्या दोनशे. वहीत दोन रांगा केल्या. सात आठवडे लागले. वही इतकी स्वच्छ की लग्नाच्या याद्यासुद्धा कुणी इतक्या नीट करत नाही.

मॅडमनी वही पूर्ण वाचली. सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलं. "फरक आहे," म्हणाल्या. "नक्की आहे." वहीचे फोटो पाहुण्यांना पाठवले.

पाहुण्यांचं उत्तर चार दिवसांत आलं, आनंदाने भरलेलं. ताईंच्या चिकाटीला सलाम. या मापांवरून स्पष्ट होतं की झालर दोन वेगवेगळ्या कार्यशाळांत विणली गेली आणि मानेचा भाग दुसऱ्या, अधिक कुशल कार्यशाळेतला आहे. पुस्तकात ताईंचे आभार मानले जातील.

ताईने ते पत्र माझ्या बाकावर ठेवलं.

"दुसरी कार्यशाळा," ती म्हणाली. "म्हणजे मी, तू आणि पत्र्याचा डबा."

"अधिक कुशल म्हटलंय पण."

"मिस्त्री, गप्प बस."

मग तिने शेवटचा मार्ग धरला. एक कडी कापा. तार कारखान्यातली आहे, धातू तपासला की दहा मिनिटांत कळेल. मॅडम म्हणाल्या की मूळ वस्तूचा कण जरी काढायचा असेल तर समितीची मंजुरी लागते. समिती वर्षातून दोनदा बसते. पुढची बैठक ताईच्या निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी.

"मूळ वस्तूचा कण नाहीये हो तो! मी घातलाय. माझ्या हाताने."

"तेच तर सिद्ध व्हायचंय ना, ताई."

इथे घोडं अडलं ते अडलंच. कडी तिची आहे हे सिद्ध करायला कडी कापायची, आणि ती तिची आहे हे सिद्ध होईपर्यंत कापायची नाही. मी लोखंडाशी आयुष्य काढलं, लोखंड कुठे ना कुठे वाकतं.

घरीही तिला आधार नव्हता. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसायचा. मी एकदा पँट आखूड करायला गेलो तेव्हा दोघांचं चाललंच होतं.

"अगं, लोक तुझी चूक बघायला तिकीट काढून येतायत," तो म्हणाला. "माझ्या चुका लोक माझ्याच तोंडावर फेकतात."

"म्हणूनच तुम्ही सुधारलात."

"साडेतीन आठवड्यांनी घरी बसशील. मग कोण सात नि कोण नऊ?"

"तेच म्हणतेय. मी घरी बसले की ती कायमची खरी होणार. नंतर कुणी झालर विणायला घेतली तर सात हा नियम समजून विणेल. पुढची माणसं माझी चूक शिकणार."

त्याने माझी पँट ओढून घेतली, किती आखूड करायची ते विचारलं आणि पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घातले. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाला, "कच्चा दोरा. कुठे हात घालायचा ते दिसायला पाहिजे. काम झालं की ओढून काढायचा, कापडाला काही होत नाही."

ताई त्या टाक्यांकडे बघत राहिली. तेव्हा मला काही सुचलं नाही.

कपाटाची तिमाही धूळ तिच्या शेवटच्या महिन्यात आली. शिरस्त्राण उतरवून वर खोलीत न्यायचं, दोन दिवसांत परत ठेवायचं, हे तिचं नेहमीचं काम. या वेळी तिने चार दिवस मागितले. पांढरा सुती दोरा, खळ नसलेला, रंग नसलेला, तीनदा धुतलेला. रंगीत दोरा दिसायला बरा असता पण त्याचा रंग उतरला तर, म्हणून नाही. हातमोजे घालून, भिंगाखाली, तिने आपल्या प्रत्येक कडीला एकेक दोरा बांधला. एका दोऱ्याला दोन मिनिटं. पाचशे अठ्ठेचाळीस दोरे म्हणजे अठरा तासांच्या वर, फक्त बांधायचे. मोजत गेली आणि प्रत्येक ओळीला वहीत टिंब देत गेली.

पाचव्या दिवशी सकाळी शिरस्त्राण कपाटात होतं. समोरून नेहमीसारखं. मागून मान पांढरी, कापूस फुटल्यासारखी. पांढऱ्याची कड कुठे सुरू होते, कुठे संपते, आंधळ्यालाही दिसावं. आणि त्याच्या बरोबर मधोमध सात पितळी कड्या.

पहिला गट घेऊन गाइड आला. लोकांना मागे नेलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"हे काय आहे?" गटातल्या एका बाईने विचारलं.

गाइडने ताईकडे बघितलं. ताई फडकं धरून उभी होती. म्हणाली, "पांढरं आहे तेवढं मी विणलंय. बाकीचं इराणी आहे."

"मग ती सही?"

"ती चूक आहे. ती पण माझी."

अर्ध्या तासात मॅडम खाली. मी स्टँडचं निमित्त करून तिथेच होतो. मॅडमचा आवाज कधी चढत नसे, तेव्हा चढला. "ताई, परवानगीशिवाय वस्तूला काही बांधलंत? तुम्ही? तुम्ही बाकीच्यांना शिकवता!"

"हो."

"आत्ताच्या आत्ता काढा."

ताई कपाटाकडे वळली. किल्ली लावली. मग थांबून म्हणाली, "फोटो कधी काढताय?"

"कसले फोटो?"

"वस्तूवरून काही काढायचं तर आधी फोटो, मग नोंद. तुमचाच नियम आहे."

मी मॅडमकडे बघितलं नाही, बिजागरीला तेल देत राहिलो. मग मॅडमनी फोन काढून फोटोग्राफरला बोलावलं. तो आला, चारी बाजूंनी, मोजपट्टी ठेवून, जवळून, लांबून, एकोणतीस फोटो काढले. मॅडम फॉर्म घेऊन स्टुलावर बसल्या.

"काय लावले होते? सुती दोरे. कुठे? झालर, मानेचा भाग." त्या लिहीत होत्या. "का?"

"कर्मचाऱ्याने स्वतः बसवलेल्या कड्या दाखवण्यासाठी," ताईने सांगितलं.

पेन थोडं थांबलं. मग त्यांनी ते तसंच लिहिलं.

"मधल्या चौकटीत नऊच्या जागी सात, मोजणीची चूक. तेही लिहा."

"त्याला रकाना नाही."

"शेऱ्यात लिहा."

मॅडमनी शेऱ्यात लिहिलं. संध्याकाळी ताईला मेमोही दिला, विनापरवानगी हस्तक्षेप केल्याबद्दल. दोन्ही कागद त्यांच्याच अक्षरात.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, नंतर सांगायला मला आवडणार नाही. पुस्तक छापून आलं. सात मुखपृष्ठावर आहेत, ताईंचे आभार शेवटच्या पानावर. समितीच्या बैठकीत कडी कापायचा विषय पुढे ढकलला, तो अजून ढकललेलाच आहे. कपाटावरची पाटी बदललेली नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा जाऊन आलो. नवा गाइड होता, आणि आसमानं सातच होती. मी त्याला म्हटलं, फाइल बघ, शेऱ्याचा रकाना वाच. तो म्हणाला, "कुठली फाइल, काका?" एवढी मेहनत आणि ती कपाटात बंद. माझा संताप होतो. होतोच.

पण फाइल आहे. त्यात फोटो आहेत, आणि कुणी कधी झालरीला हात लावायला घेतला तर नियमाने आधी ती फाइल उघडावी लागेल.

दोरे काढायला अडीच दिवस लागले. बांधण्यापेक्षा काढणं अवघड. ओढायचा नाही, कापायचा, दोन्ही टोकं चिमट्याने धरायची आणि अलगद सोडवायचा. तिच्या नोकरीचे शेवटचे अडीच दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोपाचा चहा ठेवला होता. लोक खाली जमले होते. मी तिला बोलवायला वर गेलो. मॅडम फॉर्म घेऊन शेजारी बसल्या होत्या, आकडा भरायचा होता.

ताईने कापलेले दोरे दहा-दहाच्या जुड्या करून पांढऱ्या कागदावर मांडले होते. मोजले. पाचशे सत्तेचाळीस.

"अठ्ठेचाळीस पाहिजेत," ती म्हणाली.

"एखादा पडला असेल खाली," मॅडम म्हणाल्या. "मी अठ्ठेचाळीस लिहिते."

"नका लिहू."

"ताई, खाली सगळे थांबलेत. चहा गार होतोय."

"होऊ दे."

तिने दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि झालर वरच्या ओळीपासून पुन्हा मोजायला घेतली. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग उठून त्या दुसरं भिंग घेऊन आल्या आणि खालच्या ओळीपासून वर मोजायला लागल्या. मी खाली जाऊन सांगितलं की वेळ लागेल, चहा झाकून ठेवा.